श्रावणातलं लग्न आणि स्पेनची तांबडी वाइन

"काकू, चिकन सिक्स्टीफाइव्हबरोबर कुठली वाइन घेऊ?" असं विचारणाऱ्या माणसाला मी हल्ली सरळ सांगते, बाबा रे, बिअर घे आणि मला मोकळं कर. मग तो दुखावतो. वाइनच्या दुकानात उभी असलेली बाई बिअर घे म्हणते, म्हणजे हिला आपली ऐपत कळली नाही असं त्याला वाटतं. मग मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तिखट आणि तांबडी वाइन यांचं का पटत नाही, दारूचा चटका मिरचीमुळे दुप्पट कसा लागतो, वगैरे. तो मान डोलावतो, गेनाऊ गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणतो, आणि शेवटी तीच बाटली घेऊन जातो जी त्याच्या ऑफिसातल्या मित्राने नेली होती.

न्युरेम्बर्गमधल्या एका वाइनच्या दुकानात मी बरीच वर्षं काम करते. नवरा इथल्या मोठ्या कंपनीत इंजिनिअर, मुलगा शाळेत, आणि मी घरात बसून भिंती मोजत होते तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या फ्राउ होल्फेल्डरना, म्हणजे होल्फेल्डरबाईंना, त्यांच्या वाइनच्या दुकानात अर्धवेळ माणूस हवा होता. तोपर्यंत माझी आणि वाइनची ओळख फक्त सिनेमातली. दोन परीक्षा दिल्या, जर्मन घासूनपुसून घेतलं, आणि अर्धवेळचं पूर्णवेळ कधी झालं ते कळलंही नाही. आमच्या सासूबाई आजही पुण्यात सांगतात की सून जर्मनीत फळांच्या धंद्यात आहे. खोटं म्हणता येत नाही.

हे काम नक्की काय असतं ते लोकांना सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला आहे. दिवसभर पिणं हे काम नसतं. चव घेतात, थुंकतात. हो, थुंकतात. त्यासाठी वेगळं भांडं असतं. आपल्याकडचे लोक हे ऐकलं की हळहळतात, जणू मी त्यांच्याच खिशातलं काहीतरी सांडते आहे. खरं काम म्हणजे समोरच्याच्या घरात आज काय शिजणार आहे ते काढून घेणं. कोण जेवायला येणार, कोण पिणार, कोण नुसतं हातात ग्लास धरून बसणार. वाइन त्यानंतर सुचते. पण माणसं स्वयंपाकाचं धड सांगत नाहीत. जर्मन गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "करीबरोबर चालेल असं काहीतरी." कुठली करी, असं विचारलं की ते माझ्याकडे असं बघतं जणू ते मलाच ठाऊक असायला हवं. आपली माणसं येतात आणि म्हणतात, "स्मूथ हवी." स्मूथ म्हणजे काय? गोड? हलकी? घशाला न लागणारी? तर म्हणे, "नाही हो, स्मूथ." एक जण मोबाइलवर पाच तारे मिळालेली बाटली दाखवतो, दुसरा विचारतो यात लोह किती असतं, आणि एका आयटीवाल्याने तर माझ्याचकडून चव समजावून घेऊन मलाच गुण द्यायला सुरुवात केली होती.

आता ज्या वाइनपायी हे सगळं लिहायला बसले तिच्याबद्दल. स्पेनच्या आग्नेय कोपऱ्यात, जिथे उन्हाने जमीन करपते, तिथली ही तांबडी वाइन. तीन द्राक्षांची मिळून केलेली. गार्नाचा हे पिकलेल्या फळासारखं मऊ. मोनास्त्रेल जाड सालीचं, काळपट आणि तुरट. आणि सिरा, ज्याला मिऱ्यासारखा एक वास असतो. अल्कोहोल पंधरा टक्के. ही वाइन तोंडात घेतली की गाल आतून ओढल्यासारखे होतात, जांभूळ खाल्ल्यावर होतात तसे. या तुरटपणाला सोबत लागते ती चरबीची, तेलाची, मिठाची. म्हणून भाजलेलं मटण, मुरलेलं चीज, मशरूम, डाळ-सॉसेजचा दाट रस्सा, असलं काही समोर असलं की ही वाइन नांगी टाकते आणि एकदम गोड वागायला लागते. दुकानात आम्ही तिला पैलवान म्हणतो. म्हणजे मी म्हणते, फ्राउ होल्फेल्डरना तो शब्द मी शिकवला.

या पैलवानाचे लोकांनी काय हाल केले ते मी बघितले आहेत. बर्फ घालतात. फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवून दात शिवशिवतील इतकी गार करतात, नाहीतर हीटरशेजारी ठेवून कढत. नेकारसुल्मच्या गाडीच्या कारखान्यातल्या आमच्या एका ओळखीच्या इंजिनिअरने माझ्या डोळ्यांदेखत तिच्यात कोला ओतला होता. मी त्याला चारचौघांत झापलं. पुढच्याच महिन्यात ही वाइन पुरवणारा स्पॅनिश माणूस दुकानात आला, त्याला मी मोठ्या दुःखाने हा प्रकार सांगितला, तर तो खो खो हसला. म्हणाला, आमच्याकडे जत्रेत सगळी तरुण पोरं असंच पितात. मी त्या इंजिनिअरला आजतागायत हे कळू दिलेलं नाही, आणि त्याने हा अंक वाचू नये अशी माझी इच्छा आहे.

पण खरा वैताग आला तो निखिलच्या लग्नात.

निखिल सातारचा. तोही नेकारसुल्मलाच नोकरीला, शनिवार-रविवार न्युरेम्बर्गला यायचा कारण लेना इथली. लेनाचे वडील हेर त्साइटलर, शहराबाहेरच्या गावात त्यांचं मटणाचं दुकान. मेत्सगर. हा शब्द नुसता खाटीक म्हणून सोडून देता येत नाही. त्यासाठी इथे वर्षानुवर्षं शिकावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, आणि गावात त्या माणसाला मान असतो. बायको जाऊन काही वर्षं झालेली, लेना एकुलती एक. दारात उभा राहिला तर दार भरून जाईल असा माणूस, आणि बोलणं अगदी कमी.

एका शनिवारी हे तिघं दुकानात आले. हेर त्साइटलर म्हणाले, लग्नाच्या जेवणाला मी स्वतः कोकराची मांडी भाजणार आहे, रोजमेरी आणि लसूण घालून, त्याला शोभेल अशी वाइन दाखवा. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. काय शिजणार, कोण शिजवणार, कसं शिजवणार हे सगळं एका वाक्यात सांगणारं गिऱ्हाईक. मी पैलवान उघडला. त्यांनी एक घोट घेतला, बराच वेळ तोंडात ठेवला आणि म्हणाले, "या. हीच." त्यांचं या म्हणजे आपलं हो.

मी विचारलं, लग्न कधी?

"ऑगस्टमध्ये," निखिल म्हणाला. "श्टांडेसआम्टचं टेर्मिन तेव्हाचंच मिळालं. आईबाबाही येतायत."

श्टांडेसआम्ट म्हणजे इथली विवाह नोंदणीची कचेरी, आणि टेर्मिन म्हणजे तिथे ठरवून मिळणारी वेळ. मी तारीख विचारली आणि मनातल्या मनात हिशेब केला. "अरे, श्रावण आहे ना तेव्हा?"

निखिलचा चेहरा बघण्यासारखा झाला. "हो का?" म्हणाला.

हो का, म्हणे. आता झालं होतं असं की निखिलच्या घरच्यांच्या लेखी लग्न डिसेंबरमध्ये, सातारला, मुहूर्त काढून, मांडव घालून. ऑगस्टमधला हा नुसता सहीचा कार्यक्रम. सह्यांना कसला मुहूर्त, म्हणून त्यांनी खुशाल होकार दिला होता. आणि त्साइटलरांच्या लेखी श्टांडेसआम्टमध्ये सही झाली म्हणजेच लग्न झालं, तोच तो दिवस, त्याच दिवशी गाव जेवणार. दोन्ही घरं महिनोन् महिने व्हिडिओ कॉलवर एकमेकांना हात हलवून दाखवत होती, आणि दोघं दोन वेगळ्या समारंभांबद्दल बोलत होती. मधे हा शिकला-सवरलेला मुलगा बसलेला, गाडीच्या इंजिनातला आवाज कानाने ओळखणारा, त्याला हे जाणवलं नाही.

निखिलने घरी फोन केला. पुढच्या आठवड्यात एकटाच दुकानात आला. "काकू, आई म्हणते मटण नाही, अंडं नाही, कांदा-लसूण नाही, दारूला शिवणारही नाही. आणि ज्या भांड्यात मटण शिजलंय त्यातलं काहीच नाही. म्हणते, तुम्ही जेवा सगळे, आम्ही दोघं फळं खाऊ."

"मग खाऊ देत फळं," मी वैतागून म्हटलं. दुकानात गर्दी होती आणि मी काही लग्न जुळवणारी बाई नाही.

"लेनाच्या बाबांना सांगितलं मी. तर ते लेनाला म्हणाले, मुलीच्या लग्नात तिच्या सासूने माझ्या हातचं काहीच खाल्लं नाही तर मी काय दिलं? मला दुसरं काही येत नाही." निखिल रडकुंडीला आला होता. "तुम्ही काहीतरी सुचवा ना. तुम्हाला दोन्हीकडचं कळतं."

हे दोन्हीकडचं कळणं म्हणजे माझ्या मानगुटीवर बसलेलं भूत आहे. या शहरात कुणाचं बारसं असो, कुणाचा घरमालकाशी वाद असो, मधे मी. पण त्या दार भरून टाकणाऱ्या माणसाचं वाक्य डोक्यातून जाईना. मीही एका मुलाची आई आहे. माझ्या मुलाला मी मराठीत हाक मारली की तो जर्मनमध्ये ओ देतो, पण माझ्या हातची आमटी मात्र ओरपतो. हातचं खाणं म्हणजे काय ते मला कुणी समजावायला नको होतं.

तेव्हा मी भरली वांगी सुचवली. त्यामागे धंद्याचं गणित होतं. त्साइटलरांचा हट्ट होता की सासूबाईंसाठी जे होईल ते सगळ्या टेबलांवर ठेवायचं, कुणाला वेगळं ताट नको, आणि वाइनही बदलायची नाही. म्हणजे एकच वाइन, ती कोकराच्या मांडीलाही चालली पाहिजे आणि श्रावणातल्या बिनकांद्याच्या भाजीलाही. भरल्या वांग्यात शेंगदाण्याचं कूट आहे, भाजलेलं खोबरं आहे, तेल आहे. पैलवानाला धरून ठेवायला एवढं पुरतं. फक्त तिखट निम्म्यावर आणायचं, आणि गूळ काढून टाकायचा, कारण पदार्थात गोड आलं की असली कोरडी वाइन कडवट लागायला लागते. बिनगुळाची भरली वांगी. माझ्या आईने ऐकलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं.

हेर त्साइटलर शिकायला आमच्या घरी आले. येताना नवं कोरं पातेलं, नवा डाव, नवी सुरी, चिरायला नवा पाट आणि नवी विजेची शेगडी घेऊन आले. मी म्हटलं, शेगडी कशाला? तर म्हणाले, माझ्या स्वयंपाकघरात करून चालणार नाही ना? तिथे आजोबांच्या काळापासून मांस शिजतंय. मी बागेतल्या खोलीत करीन, तिथे कधी मांस गेलेलं नाही. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं.

पुढचे काही रविवार माझ्या डोक्याला ताप होता. वांगी चिरायची कशी हे दाखवलं तर ते म्हणाले देठ का ठेवायचं. मी म्हटलं, धरायला. मग प्रत्येक वांगं उचलून त्याच्या देठाकडे बघायला लागले. मी अंदाजाने घालते ते मीठ-तिखट त्यांना ग्रॅममध्ये हवं. आल्झो, म्हणजे तर मग, फ्राउ मेधा, किती? अहो, चिमूटभर. चिमूट कुणाची, तुमची का माझी? प्रश्न रास्त होता, त्यांच्या चिमटीत माझी मूठ मावली असती. गोडा मसाला मात्र त्यांनी तळहातावर घेतला, हुंगला, डोळे मिटले आणि एकेक सांगत गेले. दालचिनी, लवंग, धणे, जायपत्री. "हे तर आमचं नाताळातलं लेबकुखन आहे," म्हणाले. न्युरेम्बर्गचं ते मसाल्याचं बिस्किट मी इतकी वर्षं खात होते आणि माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. फक्त दगडफूल त्यांना पटेना. आमच्या सफरचंदाच्या झाडावरून आम्ही हे खरवडून फेकून देतो, असं ते दोनदा म्हणाले.

तिसऱ्या खेपेला भाजी जमली. मी एक घास वांगं, एक घोट पैलवान, असं करून पाहिलं. तुरटपणा कुटाच्या तेलात विरला, वाइनमधला मिऱ्याचा वास मसाल्याला जाऊन मिळाला. खरं सांगते, अंगावर काटा आला. इतकी वर्षं लोकांना हे खा, ते खा सांगत आले, पण आपल्या गोड्या मसाल्याला शोभेल अशी वाइन मी स्वतःच्या हातांनी शोधून काढली होती. फ्राउ होल्फेल्डरना डबा भरून नेला. त्यांनी तर दुकानात असा एक चवीचा कार्यक्रमच ठेवू म्हणून सुचवलं. निखिल जेवला आणि म्हणाला, "काकू, गूळ विसरलात."

लग्नाच्या दिवशी सकाळी श्टांडेसआम्टमध्ये सह्या झाल्या. निखिलच्या आई, सुमनताई, जांभळी इरकल नेसून आल्या होत्या. शांत, कमी बोलणारी बाई. मी मनात म्हटलं, विहीण आणि व्याही एकमेकांना शोभतायत. वडील विलासराव मात्र बोलके. त्साइटलरांच्या अंगणात टेबलं मांडली होती, तिथे पोचल्या पोचल्या त्यांनी बाटली उचलून उलटसुलट करून पाहिली. "पंधरा टक्के? वाइनमध्ये?" म्हणाले. बायकोकडे एक नजर टाकून बाटली खाली ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा उचलली. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, ही श्रावण संपेपर्यंत टिकेल ना हो?" न उघडता ठेवली तर कित्येक श्रावण टिकेल, असं मी सांगितलं तेव्हा त्यांना धीर आला.

मी बाटल्या वेळेवर उघडून, वाइन काचेच्या सुरयांमध्ये ओतून, तळघराच्या गारव्याला आणून ठेवली होती. कोकराची मांडी ओव्हनमधून निघण्याच्या बेतात होती. बागेतल्या खोलीतून हेर त्साइटलर पांढरा ॲप्रन बांधून, नवं पातेलं दोन्ही हातांत धरून आले. गावातली सगळी मंडळी बघत होती. त्यांनी ते थेट सुमनताईंच्या पुढ्यात ठेवलं आणि झाकण काढलं.

सुमनताईंनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, वांगी आहेत हो. माझा चातुर्मास आहे."

माझ्या डोक्यावर कुणीतरी घागरभर पाणी ओतलं असं वाटलं. चातुर्मासात वांगं वर्ज्य. कांदा, लसूण, वांगं, ही तीन नावं एका दमात घेत घेत मी लहानाची मोठी झाले. आमच्या घरी आषाढीनंतर वांग्याचं नाव काढायची सोय नव्हती. आणि मटण, अंडं, दारू, भांडी, सुरी, पाट, शेगडी, सगळं तपासत बसलेल्या आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही हे डोक्यात आलं नाही. मी निखिलकडे पाहिलं. तो म्हणाला, "आईने वांगं सांगितलंच नव्हतं." सुमनताई म्हणाल्या, "ते काय सांगायचं असतं?" दोघांचंही बरोबर होतं आणि मला दोघांच्याही पाठीत धपाटा घालावासा वाटत होता.

हेर त्साइटलरांना शब्द कळत नव्हते, पण ताटात काही वाढलं जात नाही हे दिसत होतं. झाकण हातात घेऊन ते तसेच उभे. लेनाने त्यांना हळूच सांगितलं. मी आयुष्यात एवढ्या मोठ्या माणसाला एवढं लहान झालेलं पाहिलं नाही. त्यांनी झाकण परत ठेवलं, पातेलं उचललं आणि "एन्टशुल्डिगुंग" म्हणाले. त्यांना माफी मागावी लागली याचाच मला राग आला. राग कुणावर काढायचा तेही कळेना. मी सुमनताईंना म्हटलं, "थोडा रस तरी घ्या हो. फार राबले आहेत ते."

सुमनताई उठल्या. मला वाटलं आता या निघाल्या. तर त्यांनी पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "चला, कुठे केलं त्यांनी हे, ते दाखवा." आणि त्साइटलरांनाही हाताने चला म्हणून खूण केली.

बागेतल्या खोलीशी आम्ही तिघं आणि मागोमाग निखिल-लेना. सुमनताईंनी शेगडी पाहिली, पाट पाहिला, धुऊन उलटा घातलेला डाव पाहिला. मग दाराबाहेरच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. "हे बटाटे ना?" बटाटेच होते, त्साइटलरांनी स्वतः लावलेले. "त्यांना म्हणावं, काढा चार. मी सांगते तसं करा. मी हात लावणार नाही, तुम्हीच करायचं."

मी जर्मनमध्ये सांगितलं. हेर त्साइटलर नव्या सुटाच्या गुडघ्यांवर मातीत बसले आणि बटाटे उपटायला लागले.

तिकडे अंगणात सगळं गाव जेवायचं खोळंबलेलं. इथे जेवणाची वेळ म्हणजे जेवणाची वेळ. पाहुणे घड्याळं बघत होते. कोकराची मांडी वाळत चालली असणार, सुरयांमधली माझी वाइन उन्हाने तापत असणार, आणि मी एका खोलीत उभं राहून मोहरी तडतडल्याशिवाय हळद घालायची नाही हे जर्मनमध्ये ओरडून सांगत होते. माझा मिसळणाचा डबा तिथेच होता, आणि पातेलं लेनाने रिकामं करून घासून आणलं होतं, तेवढं नशीब. सुमनताई कंबरेवर हात ठेवून उभ्या. "बारीक चिरा म्हणावं. हां. आता मिरची. अजून एक. घाबरू नका म्हणावं." मी म्हटलं, अहो, मिरची कमी घाला, वाइन आहे. त्या म्हणाल्या, "वाइन मी कुठे पिणार आहे?"

भाजी झाली. हेर त्साइटलरांनी नव्या डावाने ती ताटलीत वाढली आणि सुमनताईंच्या हातात दिली. त्या अंगणात परत गेल्याच नाहीत. तिथेच खोलीच्या पायरीवर बसल्या आणि जेवायला लागल्या. ते समोर उभे, हातांना बटाट्याची माती तशीच. पहिला घास, दुसरा घास. तिसऱ्या घासाला त्या मला म्हणाल्या, "मीठ कमी आहे. पण सांगू नका त्यांना."

"काय म्हणाल्या?" त्यांनी लगेच विचारलं.

मी इतकी दमले होते की काही रचून सांगायचं त्राण उरलं नव्हतं. जे म्हणाल्या ते सांगितलं. त्यांनी मिठाच्या पुड्यातून चिमूट घेतली, ती त्यांची केवढाली चिमूट, आणि वाकून हळूच ताटलीच्या कडेला ठेवली. सुमनताई हसल्या. तोंडावर पदर घेऊन चांगल्या मोकळ्या हसल्या, आणि ताटली पुढे करून म्हणाल्या, "अजून वाढा, दादा."

हे मला भाषांतर करावं लागलं नाही. त्यांनी वाढलं. मग उरलेली भाजी पातेल्यातूनच डावाने स्वतःच्या तोंडात घातली, आणि लेनाने मघाशी कुणाच्याही नकळत आणून ठेवलेला पैलवानाचा भरलेला ग्लास उचलून, तहानेने पाणी प्यावं तसा एका दमात रिकामा केला. कोमट झालेली वाइन, वर तीन मिरच्यांची भाजी. जिभेवर नुसता जाळ झाला असणार. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते पुसायची त्यांनी तसदी घेतली नाही. सकाळी सह्या होताना हा माणूस रडला नव्हता. आता ढसाढसा रडत होता.

थोड्या वेळाने नाक पुसून त्यांनी मला विचारलं, "फ्राउ मेधा, याच्याबरोबर ही चालते ना?"

मी म्हटलं, "या. गेनाऊ हीच." इतक्या वर्षांच्या नोकरीत गिऱ्हाइकाला मी सांगितलेलं हे एकमेव खोटं.